चंबळ ते नर्मदा : शिल्पकार राम सुतार

चौकात उभा असलेला पुतळा कोणाचा, हे शाळेतले लहान पोरही सांगते. तो कोणी घडविला, असे विचारले तर मात्र चांगले शिकलेसवरलेले गृहस्थही एकमेकांकडे पाहू लागतात. चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाटीवर अनावरण करणाऱ्या मंत्र्याचे नाव असते, नगराध्यक्षाचे असते, क्वचित देणगीदारांची यादीही असते. ज्याच्या बोटांनी ती मूर्ती प्रथम ओल्या मातीत उभी केली, त्याचे नाव शोधावे लागते. कादंबरी हाती घेणारा वाचक लेखकाचे नाव आधी पाहतो, चित्र विकत घेणारा कोपऱ्यातली सही तपासून घेतो. सार्वजनिक शिल्पाच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही. ज्याची कृती रोज हजारो लोक पाहतात, त्याचेच नाव लोकांना ठाऊक नसावे, हा ह्या व्यवसायाचा विचित्र न्याय आहे.

गुजरातेत राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांनी केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा आता पाहिलेला असेल. आमच्या बमरोलीतून दिवाळीच्या सुटीत बसगाड्या भरभरून जातात. परत आलेली मंडळी उंचीविषयी बोलतात, तिकिटाच्या दराविषयी बोलतात, रांगेविषयी तर विशेष आवेशाने बोलतात. हा पुतळा साकारणारा शिल्पकार आपल्या खानदेशातला, धुळ्याजवळच्या गोंदूर गावचा, एका सुताराचा मुलगा होता, हे मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांना माहीत असते. बमरोली, पांडेसरा, उधना ह्या पट्ट्यात घराघरांतून अहिराणी ऐकू येते. आमच्या शाळेच्या हजेरीपटावरची मुलांची मूळ गावे वाचीत गेले, तर तापीच्या काठाने भुसावळपर्यंतचा रेल्वेप्रवास घडावा! तेव्हा ह्या गोंदूरकराची ओळख आपल्या वाचकांस करून द्यावी, असे आम्हांला बरेच दिवस वाटत होते.

राम वनजी सुतार ह्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी गोंदूर येथे झाला. धुळे जिल्ह्याला त्या वेळी पश्चिम खानदेश म्हणत. वडील वनजी हंसराज सुतार हे सुतारकाम करणारे. आडनाव, जात आणि धंदा एकच असलेल्या अशा घरात मुलाच्या हाती वाकस, पटाशी आणि रंधा येणार, हे ठरलेलेच असते. ह्या मुलाच्या हातात आणखी काही आहे, हे ओळखणारे श्रीराम कृष्ण जोशी नावाचे गुरू त्याला लाभले, आणि त्यांच्या प्रेरणेने तो मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात दाखल झाला. तेथे शिल्पकलेतले मेयो सुवर्णपदक त्याने मिळविले. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे ह्या ठिकाणी थोडे थांबतो. गावच्या शाळेत चित्रकलेचा तास हा बहुधा अर्धवट राहिलेले गणित पुरे करण्याचा तास असतो. त्या तासाला एखाद्या मुलाच्या पाटीकडे कोणी नीट पाहिले, म्हणून पुढे काय होऊ शकते, ह्याचे दुसरे इतके ठळक उदाहरण आम्हांला तरी आठवत नाही.

सुतार मुंबईत शिकत होते तो काळ मराठी शिल्पकलेच्या दृष्टीने सांध्याचा होता. गणपतराव म्हात्रे, बा. वि. तालीम, वि. पां. करमरकर ह्या आधीच्या पिढीने मोठे नाव कमावले होते. करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा १९२८ साली उभा राहिला, तेव्हा एवढे ओतकाम मुंबईच्या माझगाव गोदीत करावे लागले होते. ह्या पिढीचे आश्रयदाते म्हणजे संस्थानिक, गर्भश्रीमंत शेठ आणि इंग्रज अधिकारी. १९४७ नंतर हे आश्रयदाते पाहता पाहता मावळले. त्यांच्या जागी सरकारी खाती, नगरपालिका आणि स्मारक-समित्या आल्या. राजाची मर्जी सांभाळणे कठीण असते खरे, परंतु राजा एकच असतो. समितीत अकरा सभासद असतात, प्रत्येकाला थोर पुरुषाचा चेहरा वेगळा आठवत असतो, आणि अंदाजपत्रक मंजूर करणारा बारावा तो चेहरा कधी पाहिलेलाच नसतो. स्वातंत्र्योत्तर शिल्पकाराला ह्या नव्या दरबारात उभे राहावे लागले. सुतारांचे सारे आयुष्य ह्या दरबारात गेले.

त्याआधी मात्र त्यांना एक अपूर्व शाळा मिळाली. १९५४ ते १९५८ ही चार वर्षे ते पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत औरंगाबादेस होते आणि वेरूळच्या लेण्यांतील झिजलेल्या, भंगलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करीत होते. कैलास लेणे आठव्या शतकातले. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळातले. ते कळसापासून पायथ्याकडे, वरून खाली असे डोंगर कापीत आणलेले आहे. कोरीव कामात आणि मातीकामात मूलभूत भेद असा की माती लावता येते आणि काढताही येते. दगडातून मात्र फक्त काढता येते. एक ठोका अधिक बसला की देवतेचे नाक गेले, ते परत येत नाही. म्हणून कोरणाऱ्याला मूर्ती आधी दगडाच्या आत दिसावी लागते. दुरुस्ती करणाऱ्याची अडचण त्याहून मोठी. त्याला स्वतःचे कौशल्य दाखवायचे नसते, बाराशे वर्षांपूर्वीच्या अनाम कारागिराचा हात ओळखून त्याच्यामागे गुपचूप चालायचे असते. हातोडा-छिन्नीची ही चार वर्षे सुतारांच्या पुढल्या कामात कोठे उमटली, हे पाहायचे असेल तर चंबळ नदीवर जावे लागते.

वेरूळहून ते दिल्लीस माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या एका विभागात तांत्रिक साहाय्यक म्हणून गेले. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, पुढे निवृत्तिवेतन. मध्यमवर्गीय मनाला ह्याहून अधिक काय हवे असते! परंतु १९५९ साली त्यांनी राजीनामा दिला आणि स्वतंत्र शिल्पकार म्हणून संसार मांडला. आम्ही स्वतः सरकारी नोकर आहोत. त्या राजीनाम्याची किंमत आम्हांला कळते.

मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यात चंबळ नदीवर गांधीसागर धरण आहे. त्याचे उद्‌घाटन १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ह्या धरणाजवळ सुतारांनी चंबळदेवीचे स्मारकशिल्प उभारले. पंचेचाळीस फूट उंचीच्या एकसंध ठोकळ्यातून ते छिन्नीने कोरून काढले आहे. चंबळ ही आई, आणि तिच्याजवळची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. एका नदीचे पाणी वाटून घेणारी ही दोन राज्ये भावंडे आहेत, अशी कल्पना. पाण्यावरून राज्याराज्यांत जे काही चालते ते रोज वर्तमानपत्रांत वाचणाऱ्या आपल्याला ही कल्पना थोडी भाबडी वाटेल. पण तिच्या भाबडेपणातच त्या काळाचा श्वास आहे. धरणांना नवी तीर्थे मानण्याचे ते दिवस होते, आणि तीर्थ म्हटले की देवता हवीच. सुतारांनी पुराणांतली गंगा-यमुना उचलून आणली नाही. नदीलाच लेकुरवाळी केले.

आमच्या मते सुतारांची सर्वांत श्रेष्ठ कृती हीच. त्यांचे बाकीचे शेकडो पुतळे कोणा ना कोणा व्यक्तीचे आहेत, आणि व्यक्तीचा पुतळा म्हटला की छायाचित्र आडवे येते. कोटाचे बटण कितवे, चष्म्याची काडी कशी, ह्या प्रश्नांतच शिल्पकाराची निम्मी शक्ती जाते. चंबळेचे छायाचित्र कोणापाशी नव्हते. तिचा चेहरा कसा असावा, हे सांगणारी समिती बसू शकत नव्हती. तेथे वेरूळचा हात मोकळा सुटला, आणि तसा तो पुन्हा क्वचितच सुटला.

ह्या शिल्पाने नेहरू प्रभावित झाले. भाक्रा धरण बांधताना राबलेल्या मजुरांच्या स्मरणार्थ पन्नास फूट उंचीचे ब्राँझचे स्मारक सुतारांनी करावे, अशी योजना त्यातून पुढे आली. विषय होता श्रमाचा विजय. परंतु निधी मिळाला नाही आणि ते स्मारक झालेच नाही.

वाचकहो, सुतारांच्या कारकिर्दीची हकीकत सांगताना ह्या न झालेल्या कामावरून लोक एका वाक्यात पुढे जातात. आम्हांला तसे जाववत नाही. आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील लूमवर बारा बारा तास उभे राहतात, आया घरी साड्यांवर टिकल्या आणि लेस लावतात. ह्या शहरात रोज जे कापड निघते त्याच्यावर त्यांचे नाव नसते. मजुराचा पुतळा आपल्या देशात अगदीच नाही असे नव्हे. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी ह्यांचे श्रमविजयाचे शिल्प १९५९ पासून उभे आहे. चार उघडे कष्टकरी एक प्रचंड शिळा हलवीत आहेत, आणि ते कोणी विशिष्ट पुरुष नाहीत. पण असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. भाक्रा १९६३ साली राष्ट्राला अर्पण झाले. ज्या पंतप्रधानांनी ते अर्पण केले त्यांचे पुतळे पुढे देशभर झाले, आणि ज्यांनी सिमेंट वाहिले त्यांच्या एका पुतळ्याला पैसे पुरले नाहीत. हा दोष सुतारांचा नव्हे. सार्वजनिक शिल्पकार मागणीवाचून पन्नास फूट ब्राँझ ओतू शकत नाही. कवीला कागद पुरतो, ह्याला कोषागार लागते.

त्यानंतरची सुतारांची वर्षे प्रामुख्याने नेत्यांच्या मूर्ती घडविण्यात गेली, आणि त्यांत गांधीजी अग्रस्थानी. त्यांनी घडविलेल्या गांधीजींच्या अर्धपुतळ्याच्या प्रती भारत सरकारने अनेक देशांना भेट दिल्या. एका खेड्यातल्या माणसाने दुसऱ्या खेडुताच्या वेशातल्या माणसाचा चेहरा जगभर पोहोचवला, असे म्हणावयास हरकत नाही.

ब्राँझचा पुतळा कसा होतो, हे आमच्या मुलांना सांगताना आम्ही घरच्या गणपतीच्या साच्यापासून आरंभ करतो. प्रथम लोखंडी सांगाड्यावर माती चढवून मूर्ती घडवावयाची. तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा काढावयाचा. त्या साच्यात आतून मेणाचा पातळ थर द्यावयाचा. हा थर जितका जाड, तितकेच जाड पुढे ब्राँझ होणार. मेणाला आतून-बाहेरून आगीत टिकणारे लिंपण करून ते भट्टीत तापवले की मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. मोठा पुतळा अशा अनेक तुकड्यांत ओतून नंतर जोडावा लागतो. सांधे दिसता कामा नयेत, आणि आतला सांगाडा वाऱ्याला टिकला पाहिजे. मातीत केलेली बोटांची एखादी खूण एवढ्या सगळ्या अग्निदिव्यांतून जशीच्या तशी ब्राँझपर्यंत पोहोचली, तर शिल्पकार सुटकेचा निःश्वास टाकतो.

संसद भवनासमोरचा ध्यानस्थ बसलेल्या गांधीजींचा पुतळा सुतारांचाच. सोळा फुटांची ही मूर्ती. २ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा ह्यांनी तिचे अनावरण केले. मिटलेले डोळे, किंचित झुकलेली मान, सैल पडलेले हात. प्रवेशद्वाराशी कितीही गलबला असो, ह्या आकृतीभोवती एक शांतता राही. गंमत अशी, की पुढे विरोधी पक्षांचे खासदार निदर्शनांसाठी नेमके ह्याच मूर्तीपाशी जमू लागले. घोषणांचे फलक, कॅमेरे आणि मध्ये डोळे मिटून बसलेले बापू, हे दृश्य तीस वर्षे देशाने पाहिले. जून २०२४ मध्ये संसदेच्या आवारातील इतर पुतळ्यांबरोबर हा पुतळाही जुन्या जागेवरून हलवून 'प्रेरणास्थळ' नावाच्या भागात नेण्यात आला. त्यावरून राजकीय वाद झाला. त्या वादात शिल्पकाराचे म्हणणे काय, हे कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. मूर्ती कोणत्या जागेसाठी, कोणत्या उजेडासाठी, किती अंतरावरून पाहण्यासाठी घडविली, हा प्रश्न कोणाच्याच लेखी नव्हता.

सुतारांचे समकालीन, डोंबिवलीचे सदाशिव साठे ह्यांचाही येथे उल्लेख करणे उचित होईल. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोरचा १९६१ सालचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा साठ्यांचा. आपण मुंबईस गेलो की तेथे छायाचित्र काढतो, आणि पुन्हा तेच, शिल्पकाराचे नाव आठवत नाही. साठे ऑगस्ट २०२१ मध्ये निवर्तले.

आता नर्मदाकाठी येऊ. सरदार वल्लभभाईंच्या पुतळ्याची उंची १८२ मीटर. गुजरात विधानसभेच्या जागा १८२, म्हणून तेवढी, असे सांगतात. न्यू यॉर्कची स्वातंत्र्यदेवता चौथऱ्यासकट ९३ मीटर भरते, म्हणजे आपल्या सरदारांच्या कमरेच्या आसपास येईल. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी पायाभरणी झाली आणि पाच वर्षांनी त्याच तारखेला, २०१८ साली, अनावरण. त्या दिवशी सुतारांचे वय त्र्याण्णव होते. अहमदाबादच्या विमानतळावरचा सरदारांचा पुतळाही त्यांचाच, आणि त्याच धर्तीवर ही महामूर्ती बेतली गेली. आधी लहान नमुना, मग मोठा, मग तीस फुटांचा, अशा पायऱ्या चढत काम गेले. नमुन्याचे यंत्राने सूक्ष्म मापन करून त्यावरून पुढची आकडेमोड संगणकावर झाली.

आकार वाढवणे म्हणजे गुणाकार करणे, असा आपला समज असतो. तसे नसते. पायथ्याशी उभे राहून मान वर करणाऱ्याला डोके दूर गेल्यामुळे लहान दिसते, हनुवटी पुढे येते, डोळे खोबणीत लपतात. म्हणून फार उंच मूर्तीच्या डोक्याचे, खांद्यांचे प्रमाण शिल्पकाराला विचारपूर्वक बदलावे लागते. जवळून पाहिले तर ते चुकीचे वाटावे, तेव्हा कोठे खालून ते बरोबर दिसते. त्यात सरदारांचा पोशाख धोतराचा आणि उभे राहणे चालत्या माणसाचे. म्हणजे मूर्ती पायाशी अरुंद, वर रुंद. स्थापत्यशास्त्राला नेमके ह्याच्या उलट हवे असते. सिमेंट-काँक्रीटचे दोन मोठे गाभे आतून वर नेऊन, त्यांभोवती पोलादी सांगाडा उभारून ही अडचण सोडवली. सुमारे २,९८९ कोटी रुपयांचे ते कंत्राट, आणि तीन हजारांहून अधिक कामगार. बाहेरचे ब्राँझचे पत्रे चीनमधील ओतशाळेत तयार होऊन आले, त्यावरही पुष्कळ टीका झाली. एवढ्या ओतकामाची सोय आपल्याकडे नव्हती, असे त्याचे समर्थन करण्यात आले. १९२८ साली करमरकरांना गोदी गाठावी लागली होती. नव्वद वर्षांनी परदेश गाठावा लागला, ह्यात काही प्रगती झाली की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

ह्या पुतळ्याचे तोंड सरदार सरोवर धरणाकडे आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी धरणाच्या वसाहतीसाठी केवडिया आणि परिसरातील गावांच्या आदिवासींच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांचे गाऱ्हाणे पुतळ्याच्या अनावरणाच्या दिवशीही चालूच होते. आणि धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी तेहतीस गावे आली ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे दोन्ही तालुके धुळे जिल्ह्यात होते. म्हणजे ज्या जिल्ह्याने हा शिल्पकार दिला, त्याच जिल्ह्याच्या टोकाची मणिबेली आणि तिच्या शेजारची गावे त्या जलाशयात गेली, ज्याच्याकडे ही मूर्ती पाहत उभी आहे. केवडियाहून परतलेली मुले वर्गात पुतळ्याचे चित्र काढतात, तेव्हा आम्ही फळ्यावर नर्मदेचा नकाशा काढून ही गावेही दाखवतो. पुतळ्याची भव्यता त्याने कमी होत नाही. पण भव्यतेच्या पायाशी काय आहे, हे मुलांना ठाऊक असलेले बरे.

शिल्पकाराने मोठ्या आकाराच्या आहारी जावे काय, असा आक्षेप सुतारांच्या उत्तरायुष्यावर घेतला गेला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. २०२२ साली बंगळूरच्या विमानतळाजवळ उभा राहिलेला १०८ फुटी केंपेगौडाही त्यांच्याच शिल्पशाळेचा. एका राज्याने एक उंची गाठली की दुसऱ्याला त्याहून चार फूट जास्त हवेसे वाटते. ह्या चढाओढीत कलेचे काय होते, ते सांगणे न लगे. परंतु नुसत्या उंचीच्या हव्यासात आणि सुतारांच्या कामात एक भेद होता, आणि तो मालवणने दाखवून दिला. राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये, नऊ महिनेही न उलटता, कोसळला. तो सुतारांचा नव्हता. महाराष्ट्र हळहळला, संतापला. आणि नव्या पुतळ्याचे काम शंभरीला टेकलेल्या ह्या वृद्धाच्या शिल्पशाळेकडे आले. साठ फुटांची ब्राँझची ती मूर्ती मे २०२५ मध्ये उभी राहिली. सुताराच्या घरी जन्मलेल्या मुलाला सांधा म्हणजे काय, हे लहानपणीच समजलेले असते.

पद्मश्री १९९९ मध्ये आणि पद्मभूषण २०१६ मध्ये त्यांना मिळाले. महाराष्ट्र भूषण मात्र १९९६ पासून दिला जात असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचायला २०२५ साल उजाडले. दिल्लीत जाऊन राहिलेल्या माणसाची आठवण घरच्यांना उशिराच होते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्याला हे नवे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नोएडा येथे, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, त्यांनी देह ठेवला. वास्तुविशारद आणि शिल्पकार असलेले त्यांचे चिरंजीव अनिल सुतार हे वडिलांबरोबर ह्या कामांत होतेच.

केवडिया पाहून झालेल्या वाचकांनी सवड काढून गांधीसागरही पाहावे, असे आमचे सांगणे आहे. सुरतेहून बडोदे, रतलाममार्गे कोट्याकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी जी शामगढला थांबते ती पकडावी आणि पुढे मोटारीने धरण गाठावे. श्रावण-भाद्रपदात चंबळ भरलेली असते. तेथे तिकिटाची रांग नाही, उद्वाहन नाही, वर नेऊन खालचा देखावा दाखवणारी गच्ची नाही. एक आई आणि तिची दोन मुले आहेत, आणि जवळ जाऊन पाहिले तर छिन्नीचे ठोके दिसतात.